हिमांतील टायर

कॅनडांतील क्यूबेक प्रांतीं खेड्यांत राहणाऱ्या चिरंजीवांच्या काळजीनें एक भगिनी आम्हांस विचारतात कीं, जेथें मीठ वा वाळू टाकीत नाहींत अशा रस्त्यांवर हिवाळ्यांत ‘ऑल-टेरेन’ टायर पुरेत काय?

आमचें सांगणें असें कीं, नांवावर न जातां टायरच्या बाजूवरील खूण पाहावी. ‘एम’ व ‘एस’ हीं अक्षरें केवळ खांचांची ठेवण दर्शवितात. तीन शिखरांच्या पर्वतांत हिमकण, ही खूण मात्र दाबून बसलेल्या हिमावरील परीक्षेनंतरच मिळते. क्यूबेकांत १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. खिळ्यांचे टायर सोडल्यास कायद्यास हीच खूण लागते.

तथापि ती परीक्षा गाडी पुढें ओढण्याची आहे. कांचेसारख्या बर्फावर थांबण्याची नव्हे. खडीच्या व हिमाच्या वाटेस ही खूण असलेले ऑल-टेरेन चालतील. परंतु रोज गोठलेला बर्फ तुडवावयाचा असेल तर थंडींतही मऊ राहणाऱ्या रबराचे खास हिवाळी टायरच घ्यावे, आणि चारही एकाच जातीचे. चारही चाकांस जोर देणारी मोटार सुटते लौकर. थांबते मात्र टायरांच्याच पकडीवर. हें चिरंजीवांस अवश्य कळवावें.