काटा स्थिर होण्यापूर्वी

१० ऑगस्ट २०२३ रोजी एअर इंडिया या विमानकंपनीने आपले नवे बोधचिन्ह जाहीर केले. जुन्या चिन्हातला लाल हंस आणि त्याच्या अंगावरचे कोणार्कचे चक्र गेले. त्यांच्या जागी खिडकीच्या चौकटीच्या माथ्यासारखी एक सोनेरी आकृती आली. त्यानंतर दोनतीन दिवसांनी रामटेकच्या एका पानठेल्यावर हाच विषय रंगला होता. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फारच चिडले होते.

"महाराजाला काढून टाकलं हो सर! काय शान होती त्याची!"

मी विचारले, "काकाजी, त्या विमानात कधी बसलात का?"

"बसलो नाही. पण लहानपणापासून पाहत आलो नं!"

काकाजींचे हे उत्तर मी घरी येईपर्यंत घोळवीत होतो. त्यांच्या रागाचे सारे कारण त्या एका वाक्यात होते, आणि त्या कारणाचा नव्या चिन्हाच्या चांगलेवाईटपणाशी काही संबंध नव्हता.

आधी वस्तुस्थिती पाहू. पगडीवाला, लांब मिशांचा, वाकून स्वागत करणारा महाराजा १९४६ साली मुंबईत जन्मला. कंपनीतले बॉबी कूका यांची ती कल्पना आणि चित्रकार उमेश राव यांचे रेखाटन. पण महाराजा हे कंपनीचे बोधचिन्ह नव्हते. ती जाहिरातीतली एक लाडकी व्यक्तिरेखा होती. कंपनीचे बोधचिन्ह १९४८ पासून धनुर्धारी हे होते. अर्धे शरीर घोड्याचे, अर्धे माणसाचे, हाती ताणलेला बाण, म्हणजे आकाशातली आपली धनू रास! ते २००७ साली बदलले आणि हंस आला. हंसाच्या जागी आता सोनेरी चौकट आली आहे. महाराजाचा वापर तर काही ठिकाणी चालूच राहील, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. थोडक्यात, काकाजी ज्याच्यासाठी हळहळत होते ते चिन्ह नव्हतेच, आणि जे चिन्ह खरोखर गेले ते त्यांना नीट आठवतही नव्हते.

यात काकाजींना हसण्यासारखे काही नाही. आपल्या सर्वांचे हेच आहे. खिशात नोट असेल तर ती बाहेर न काढता सांगा पाहू : नोटेवर किंमत निरनिराळ्या भाषांत लिहिलेला जो पट्टा असतो, त्यात मराठी ओळ कितवी? ती आठवी आहे, एकूण पंधरांपैकी. नोट तुम्ही शेकडो वेळा हाताळली असेल, तरी उत्तर देता आले नसेल. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ८५ विद्यार्थ्यांना ॲपल कंपनीचे सफरचंद स्मरणाने काढावयास सांगितले होते. २०१५ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अचूक चित्र फक्त एकाला काढता आले. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. परिचित चिन्ह मेंदू ओळखतो, पण त्याचे बारकावे जपून ठेवण्याचा खटाटोप करीत नाही.

मग बारकावे ठाऊक नसलेल्या चिन्हावर आपले एवढे प्रेम का? याचा एक उत्तम प्रयोग रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध केला. त्याने लोकांना निरर्थक शब्द, चिनी अक्षरांसारख्या आकृत्या आणि अनोळखी चेहरे दाखविले. काही एकदाच, काही दोनदा, काही पाच, दहा, तर काही पंचवीस वेळा. आकृतीचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. तरीही जी अधिक वेळा दाखविली गेली ती लोकांना अधिक चांगली वाटली. नुसते वारंवार दिसणे हेच आवडीचे कारण ठरले!

आता नव्या चिन्हाची परिस्थिती पाहा. जुने हजारो वेळा पाहिलेले, नवे आज सकाळी पहिल्यांदा. ही स्पर्धा मुळातच विषम आहे. प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरमधून प्रवाह सोडला की काटा एकदम पुढे झेप घेतो, मागे येतो, थोडा वेळ हेलकावतो आणि मग स्थिरावतो. पहिल्या झेपेलाच नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पुन्हा प्रयोग करावयास लावतो. (बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटरमध्ये पहिली झेपच मोजतात हे शिक्षकबंधूंनी कृपया मला कळवू नये, तेथे मोजावयाची राशीच वेगळी असते.) चिन्ह बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला गदारोळ ही अशीच पहिली झेप आहे. शिवाय त्या आठवड्यात बोलतो कोण? ज्याला राग आला तो. ज्याला काहीच वाटले नाही तो गप्प राहतो आणि मोजला जात नाही. गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये नवे चिन्ह आणले आणि टीकेला भिऊन आठवडाभरात मागे घेतले. ते चिन्ह चांगले होते असे माझे म्हणणे नाही. चांगले की वाईट हे कळण्याइतका वेळच गेला नव्हता, एवढेच.

पण म्हणून प्रत्येक तक्रार सवयीच्या खात्यावर टाकून मोकळे होणाऱ्यांशीही माझे जमत नाही. कारण चिन्हाला एक काम असते. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या खोक्यावर संत्रे आणि त्यात खोचलेली नळी असे चित्र असे. जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ते काढून नवे खोके आणले. दोन महिन्यांच्या आतच विक्री सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि जुने चित्र परत आले. येथे आवडनिवड मोजली गेली नाही, खपच मोजला गेला. रस तोच होता. मांडणीवर नेहमीचे खोके गिऱ्हाइकाला चटकन ओळखू येईना.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत गडाखाली दुकानावर येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला वाचता येत नाही. ती चहाची पुडी रंगावरून मागते, साबण चित्रावरून मागते. चित्र हीच तिची अक्षरे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे चिकटविली ती अशाच कोट्यवधी मतदारांसाठी. पाकीट बदलले म्हणून ही बाई गोंधळली, तर तिची तक्रार हा सवयीचा हट्ट नव्हे. तिच्या हातातले वाचनाचे साधनच कोणीतरी काढून घेतलेले असते. आणि ती कोठे पत्र लिहून तक्रार करणार? पहिल्या आठवड्याच्या गदारोळात तिचा आवाज नसतोच. माझ्या मते, चिन्ह बदलणाऱ्यांनी आधी तिच्यापुढे दोन पाकिटे ठेवून पाहावे. विमानाच्या शेपटीवर हंस आहे की चौकट, याने तिचे काही अडत नाही; पानठेल्यावर मात्र चर्चा त्याचीच होते.

झायन्सचा प्रयोग तुम्हांला वर्गात करता येईल. चिनी अक्षरे नकोत, आपली मोडी लिपी आहे. तुम्हांला वाचता येत नाहीत अशी बारा मोडी अक्षरे पुठ्ठ्यांवर काढा. काही अक्षरे एकदा, काही दहा वेळा, काही पंचवीस वेळा, प्रत्येक वेळी दोन सेकंद, अशी मिसळून दाखवा. शेवटी कोणते अक्षर किती छान वाटते याला शून्य ते सहा गुण द्यावयास सांगा. एखादे अक्षर मुळातच सुबक असू शकते, म्हणून वर्गाचे दोन गट करून दुसऱ्या गटाला पहिल्याची क्वचित दाखविलेली अक्षरे वारंवार दाखवा. प्रयोगाचा हेतू मात्र आधी कोणाला सांगू नका. हा अंक वाचलेल्यांना गुण देण्यास न बसविता पुठ्ठे दाखविण्याच्या कामाला लावा.