बुरुडाच्या टोपलीत मजुरी किती उरते?

लग्नसराई आली की सूप, रोवळी, परडी यांना मागणी येते. एरवी बाजारात बुरुडाच्या पालासमोर आपण थांबतो ते दहा रुपयांची घासाघीस करायला. बांबू लागवडीवर गावोगाव सभा होतात. पण त्याच बांबूवर पोट भरणाऱ्याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडून पाहू.

समजा, एक बांबू 80 रुपयांना पडला आणि त्यात चार सुपं झाली. नवरा-बायको मिळून दोन दिवसांत आठ सुपं विणतात. तिसऱ्या दिवशी एक जण बाजारला जातो. सूप शंभराला गेलं तर आले 800. बांबूचे 160 आणि गाडीभाडं, पट्टी मिळून 80 वजा जाता उरले 560. खपलेले दिवस पाच. म्हणजे दिवसाला 112 रुपये! त्यात दहा-दहा रुपये कमी केले की मजुरी शंभराच्या आत येते. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे घालून पाहा. मुद्दा एवढाच की बाजारात बसलेला दिवसही मजुरीचाच असतो, आणि तो बहुतेक कारागीर धरतच नाहीत.

कायदा बदलला, पुरवठा नाही

1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपज ठरवला. 2011 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाने हाती मिळाले. 2017 च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. शेतकऱ्याची अडचण कमी झाली, हे खरं. पण शेतकरी अख्खं बेट व्यापाऱ्याला देतो आणि गावचा बुरूड तालुक्याच्या वखारीतून एकेक नग आणतो. भाडं दोनदा लागतं, आणि माल वाळलेला मिळतो.

विणकामाला कोवळा, ओला, लांब पेरांचा बांबू लागतो. त्याच्याच कामट्या नीट वळतात. बांधकाम व फर्निचरला तीन वर्षांवरचा जून बांबू चालतो. तेव्हा शेतकरी बंधूंनी तोडणीच्या वेळी प्रतवारी करावी आणि विणकामाचे नग गावातच द्यावेत. मात्र पावसाळ्यात तोड करू नये, त्या वर्षीचे नवे कोंब राखावेत. बेट टिकलं तरच दोघांचं चालेल.

माल कोणता करावा?

आंब्याच्या करंड्यांची जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी घेतली, भाजीच्या टोपल्यांची प्लास्टिक क्रेटनी. तिथं भावात टक्कर देणं अवघड आहे. रुखवताच्या वस्तू, दिव्यांची झाकणं, भेटवस्तूंच्या परड्या यांत कारागिरीचे पैसे मिळू शकतात. पण असा माल भुंगा लागून परत आला तर गिऱ्हाईक तुटतं. म्हणून बांबूवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करून तो सावलीत वाळवावा. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मोठी ऑर्डर धरू नये.

ग्रामपंचायतीचं काम

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली-चटई-झाडू करणारे आहेत. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजानं कर्ज, अशी तिची रचना आहे. पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतच आहे. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातल्या नोंदणी झालेल्या कारागिरांचे अर्ज कुठं अडलेत ते पाहावं. कारागिरांनीही कर्ज घेताना हप्त्याचा मेळ वरच्या हिशेबाशी घालावा. दिवसाला 112 रुपये उरत असतील तर हप्ता पोटातूनच जाणार.

याशिवाय दोन गोष्टी ठरावानं होण्यासारख्या आहेत: आठवडी बाजारात कारागिरांना सावलीची ठरलेली जागा, आणि शाळा-अंगणवाडीच्या टोपल्यांची खरेदी गावातूनच. बांबू लावणाऱ्याची यादी तयार असतेच. तिच्याशेजारी बांबू विणणाऱ्यांची यादी लावा. पुढच्या तोडणीआधी दोघांना एका बैठकीत बसवलं, तरी वखारीचं भाडं वाचेल.