मुलांच्या पावलांनी रानवाट

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की घरोघरी एकच प्रश्न निघतो : मुलांना घेऊन कोठे जावयाचे? आजोळ दूर असते, आगगाडीची तिकिटे मिळत नाहीत आणि थंड हवेच्या ठिकाणचा खर्च प्रत्येक कुटुंबास पेलवतोच असे नाही. अशा वेळी गावाजवळचे रान आपली वाट पाहत असते. मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांसह भर उन्हाळ्यात रानात पायी फिरावयाचे, तर थोडा विचार आधी करावयास हवा. आज तोच आपण करू, आणि उदाहरणादाखल जबलपूरच्या कांचघर वस्तीतील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवू.

या कुटुंबाला दोन वाटा मोकळ्या आहेत. एक मदनमहालच्या टेकडीची. तेथे ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या उभ्या आहेत, माथ्यावर गोंड राजांच्या काळची गढी आहे, आणि २२ मे १९९७ च्या भूकंपातही न ढळलेली ती प्रसिद्ध तोललेली शिळा आहे. मुलांना सांगावयास याहून सुरस गोष्ट कोणती? परंतु उघडा खडक सकाळपासूनच ऊन पिऊ लागतो आणि थोड्याच वेळात तव्यासारखा तापतो. ही टेकडी हिवाळ्यासाठी राखून ठेवावी, हे बरे.

दुसरी वाट डुमन्याच्या निसर्ग उद्यानाची. हजार हेक्टरांहून मोठे हे रान महानगरपालिकेच्या व्यवस्थेखाली आहे. त्याच्या पोटात खंदारीचा जलाशय आहे. शहराला पाणी पुरविण्यासाठी तो १८८३ साली बांधण्यात आला. नळाचे पाणी मुळात कोठून येते, हे मुलाला येथे प्रत्यक्ष दाखविता येते. मात्र ते दुरूनच दाखवावे. जलाशयात मगरी आहेत. काठावर मुलाला एकटे सोडू नये. रानात चितळ, रानडुक्कर, कोल्हे यांचा वावर आहे, बिबट्याही आढळला आहे. म्हणून पायवाटेवर एक मोठे माणूस पुढे, एक मागे आणि मुले मध्ये, हा क्रम मोडू नये. उद्यान केव्हा उघडते आणि पायी कोठपर्यंत जाता येते, याची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

आता उन्हाचा विचार. जबलपुरास मे महिन्यात पारा अनेकदा ४२ अंशांपुढे जातो, आणि महिन्याच्या अखेरीस ‘नवतपा’ सुरू होतो. मुलाचे शरीर हे मोठ्या माणसाच्या शरीराची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते. म्हणून हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. त्यातच मुलाला घामही मोठ्या माणसापेक्षा कमी येतो. खेळाच्या नादात त्याला तहान आठवत नाही. आपल्याला ‘अजून बरे वाटते’ हे मुलाच्या प्रकृतीचे माप होऊ शकत नाही.

म्हणून एक नियम सर्वांनी मिळून घरीच ठरवावा. सहल अर्धी झाली की परतावे, असे आपण सहज म्हणतो. पण उन्हाळ्यात दोन अर्धे सारखे नसतात. जाताना सकाळ असते, पाय ताजे असतात. येताना ऊन चढलेले असते आणि पाय जड झालेले असतात. यास्तव वेळेचा अथवा पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला, की जेथे असाल तेथून मागे फिरावे. लहान मुलांना जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुष्कळ होतात. मे महिन्यात जबलपुरास साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तेव्हा शक्य तितक्या लवकर निघावे आणि नऊच्या आत सावलीत परतावे.

शिदोरी साधी असावी. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, म्हणजे कोण किती प्यायले ते कळते. कैरीचे पन्हे अथवा मीठ घातलेले ताक बरोबर घ्यावे. सुती, सैल, अंगभर कपडे आणि रुंद काठाची टोपी असावी. चपलांऐवजी बंद बूट असावेत.

आणि पाहावयाचे काय? मोठ्यांचे लक्ष टोकाकडे असते, मुलांचे पायाखाली. महाकोशलच्या रानात या दिवसांत सागाची पाने गळून पडलेली असतात; सावली विरळ होते, पण पाचोळ्यावर पाऊल पडताच होणारा आवाज मुलांना फार आवडतो. बहावा पिवळ्या झुंबरांनी लवलेला असतो. बिड्यांसाठी ज्याची पाने तोडतात ते तेंदूचे झाड ओळखावयास शिकवावे. एका वारुळापाशी दहा मिनिटे गेली, तर ती वाया गेली असे मानू नये.

एवढे करूनही मूल एकाएकी गप्प झाले, चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणू लागले अथवा त्यास ओकारी आली, तर चालणे तत्काळ थांबवावे. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा, शुद्धीवर असल्यास घोट घोट पाणी द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले, त्यास झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही घालू नये. अंग थंड करीत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उभ्या, बंद मोटारीत तर मुलाला क्षणभरही ठेवू नये.

वाचकहो, मागे फिरणे बऱ्याच वडीलधाऱ्यांना जड जाते. ‘एवढ्या लांब आलो, आता थोडेच उरले’ हे वाक्य अशा सहलीतले सर्वांत घातक वाक्य आहे. खंदारीचे पाणी उद्याही तेथेच असणार. मुलाच्या पायांत थोडे बळ आणि मनात थोडी हौस शिल्लक असताना घरी परतावे. म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा जाण्याचा हट्ट तेच धरील.