चष्म्याचा नंबर बदलूनही दिसत नसेल तर

जयंतीला वस्तीत नेत्रतपासणी शिबिर होतं. कुणाला चष्मा लागतो, कुणाला मोतीबिंदू निघतो. चांगलंच आहे. पण एक तक्रार चष्म्यानं सुटत नाही. दोन-तीन महिन्यांत दोन्ही डोळ्यांनी दिसणं झपाट्यानं कमी होतं, डोळ्यांपुढं दिवे लुकलुकतात, ऊन सहन होत नाही, अंधार पडला की भिंत धरून चालावं लागतं. दुखत काहीच नाही. सुरुवातीला डोळ्याचा पडदाही तपासणीत नीट दिसू शकतो. मग ‘वय झालं’ म्हणून माणूस घरी येतो.

इथं थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅन्सरच्या गाठीत कधीकधी असं प्रथिन तयार होतं, जे एरवी डोळ्याच्या पडद्यात असतं. रिकव्हरिन हे त्यातलं एक. शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर चालून जाते आणि त्याच ओळखीवर पडद्याच्या पेशीही मारते. म्हणजे कॅन्सर डोळ्यात नसतोच, तो असतो दुसरीकडं. बहुतेक वेळा फुप्फुसात, आणि विडी-सिगारेटशी ज्याचं थेट नातं आहे त्या प्रकारचा. बायकांमध्ये स्तन, गर्भाशय, अंडाशय इथंही. डॉक्टरांनी याची पहिली नोंद १९७६ साली केली. आजार दुर्मीळ आहे, अंधुक दिसणाऱ्या प्रत्येकानं घाबरायचं कारण नाही. मोतीबिंदू आणि साखरेचा आजार कितीतरी जास्त आढळतात. पण कित्येकदा डोळे आधी जातात आणि कॅन्सर नंतर सापडतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून डोळ्याच्या डॉक्टरपुढं लपवू नका. किती वर्षं विडी ओढता, खोकला किती दिवसांचा, वजन उतरलं का, छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातं का. आपल्या आया-बहिणी हे शेवटचं नवऱ्यालाही सांगत नाहीत; डोळ्याच्या डॉक्टरला कशाला सांगायचं, असं त्यांना वाटतं. पण तिथंच सांगायला हवं. मोठ्या रुग्णालयात पडद्याची ईआरजी नावाची तपासणी होते. पडदा वरून ठीक दिसला तरी तो काम करतो की नाही, हे तीतून कळतं.

गेलेली नजर बहुधा परत येत नाही. लवकर कळलं तर स्टेरॉइडसारख्या औषधांनी उरलेली काही वेळा टिकते, आणि कॅन्सरवर वेळेत उपचार सुरू होतात.

शिबिर भरवणाऱ्या तरुणांना एक विनंती. नाव-वयाच्या कागदावर ‘दिसणं किती दिवसांत कमी झालं?’ एवढा एक रकाना वाढवा, आणि बायकांचं ऐकायला एक बाई बसवा.