झीज किती, ते दाखवा

2025 च्या सप्टेंबरात ओंकार हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला. तो मोपा-तांबोशे भागात फिरत होता, तेव्हा इथे हळर्णातही रात्री कुत्री भुंकली की माणसं बॅटरी घेऊन बाहेर यायची. त्याच दिवसांत आम्ही काजूच्या बागायतीत एक कॅमेरा बसवला. हत्ती आमच्या बाजूला आला नाही. गवे आले, रानडुकरं आली, माकडं तर रोजचीच. कॅमेरा चोवीस तास चित्रण करायचा आणि आतल्या 32 जीबीच्या कार्डावर साठवायचा. कार्ड भरलं की सगळ्यांत जुनं चित्रण पुसून त्या जागी नवं.

काजूचा हंगाम संपत आला आणि एका सकाळी बोंडूंचा सडा तुडवलेला दिसला. कोण येऊन गेलं ते बघावं म्हणून चित्रण उघडलं, तर ते दहा दिवसांपूर्वीच थांबलेलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मात्र लागलेला, फोनवर थेट चित्रही दिसत होतं. कार्ड काढून संगणकाला लावलं, सगळं पुसलं, पुन्हा लावलं. पुसलेलं सगळं जागच्या जागी! तीनदा केलं, तीनदा तेच. कार्डाने नवं काही घ्यायचं आणि जुनं काही सोडायचं बंद केलं होतं. ज्या दुकानातून घेतलं तिथे गेलो. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "भाई, कॅमेऱ्यात घातलेल्या कार्डाला वॉरंटी लागत नाही. आत कागदावर लिहिलेलं असतं." खरंच लिहिलेलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

मी हिशेब मांडून पाहिला. दिवसाला साधारण 40 जीबी, आठ महिने. म्हणजे कार्ड तीनशे वेळा भरून पुसलं गेलं. आजच्या कार्डांतल्या साठवणीच्या साध्या पेशी हजारभर वेळा पुसणं सोसतात. मग तीनशेतच का मेलं? माझ्या मते उत्तर एकच : झीज सगळीकडे सारखी वाटली गेली नाही. चित्रण कार्डभर पसरत होतं, पण कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही दर काही सेकंदांनी लिहिली जाते, आणि स्वस्त कार्डातला नियंत्रक, म्हणजे काय कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप, ती फिरवत ठेवण्यात कमी पडतो. थोड्या जागा मरेस्तोवर राबल्या, बाकीच्या बऱ्याचशा धडधाकट राहिल्या, आणि कार्ड गेलं.

ही साठवण झिजतेच का, हे आधी सांगायला हवं. कार्डात असते ती फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी काढली. 1984 साली पहिला शोधनिबंध, 1987 साली आज सर्वत्र असलेला नँड प्रकार. प्रत्येक पेशीत विजेचे कण एका अतिशय पातळ निरोधक थराच्या पलीकडे कोंडून ठेवलेले असतात. लिहायचं म्हणजे वीस व्होल्टच्या आसपास जोर लावून ते थरातून आत ढकलायचे, पुसायचं म्हणजे तसेच उलटे खेचून काढायचे. दर वेळी थराला थोडी इजा होते आणि शेवटी तो कण धरून ठेवेनासा होतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी, महाग चिप लाखभर वेळा पुसणं सोसायची. आपल्याला स्वस्तात जास्त जागा हवी, म्हणून एका पेशीत तीन बिट आले, मग चार. चार बिट ठेवायचे तर त्याच इवल्या पेशीत विजेच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे थोड्या इजेनेही वाचनात गोंधळ होतो. लाखावरून आपण हजारावर आलो, काही ठिकाणी त्याच्याही खाली.

त्यात आणखी एक अडचण. लिहिता येतं पानापानाने, सोळा केबीसारख्या छोट्या तुकड्यांत, पण पुसता येतो तो अख्खा ठोकळाच, कित्येक एमबीचा. म्हणून एसएसडी, म्हणजे संगणकातला फ्लॅशचाच ड्राइव्ह, एखादी गोष्ट बदलायची झाली की जागेवर बदलत नाहीच. नवी प्रत दुसऱ्या रिकाम्या पानावर लिहितो, जुनं पान रद्द ठरवतो आणि काय कुठे गेलं याची यादी ठेवतो. गोव्याच्या डोंगरांत पूर्वी कुमेरी व्हायची ती आठवावी. एका तुकड्यावरची झाडी तोडून जाळायची, दोन-तीन वर्षं नाचणी घ्यायची, मग तो तुकडा सोडून पुढे जायचं. राबवलेल्या जमिनीला विसावा आणि हात न लागलेल्या जमिनीला पाळी. एम-सिस्टिम्स या इस्राएली कंपनीतल्या आमिर बान यांना 1995 साली फ्लॅशच्या अशा फिरत्या मांडणीचं पेटंट मिळालं. झीज सगळीकडे समान वाटण्याच्या या कामाला वेअर लेव्हलिंग म्हणतात.

पण नुसत्या रिकाम्या जागा फिरवून भागत नाही, आणि यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग इथे आहे. संगणकावर कितीतरी माहिती एकदा लिहिली की वर्षानुवर्षं हलत नाही : लग्नाचे फोटो, बसवलेले प्रोग्राम, जुनी पत्रं. त्यांच्याखालचे ठोकळे कोरेकरकरीत राहतात आणि सगळी दगदग उरलेल्यांच्या वाट्याला येते. म्हणून चांगला नियंत्रक मधूनमधून एक उफराटं वाटणारं काम करतो. लग्नाचे फोटो ताज्या ठोकळ्यावरून उचलतो, दमलेल्या ठोकळ्यावर नेऊन ठेवतो आणि ताजा ठोकळा कामाला जुंपतो. आपल्याकडे शेतात ज्या म्हाताऱ्याची कंबर धरली त्याला लावणीला वाकवत नाहीत, राखणीला बसवतात. अगदी तसंच. अर्थात ही हलवाहलव म्हणजेही लिहिणंच, तिचीही झीज होते. तुम्ही एक जीबी लिहिलंत तर आत दोन-तीन जीबी लिहिलं जाऊ शकतं, आणि ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर त्याहून जास्त, कारण नियंत्रकाला हातपाय हलवायला जागाच उरत नाही. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा असं मी या स्तंभात वारंवार लिहितो, ते यासाठी.

इथवर सगळं कौतुकाचं. आता तक्रार.

आमच्या घराच्या दाराशी चिऱ्याची पायरी आहे. मधोमध झिजून तिची परात झाली आहे, दोन्ही कडा मात्र जशाच्या तशा. चार पिढ्या मधूनच चढल्या. ती पायरी बघितली की कळतं, बदलायला आली. सगळी माणसं पायरीच्या कणाकणावर सारखी पावलं टाकत गेली असती तर ती कितीतरी जास्त टिकली असती, पण तिचा खोलगटपणा कुणाला दिसला नसता. चांगल्या ड्राइव्हचं असंच आहे. झीज सारखी वाटल्याने आयुष्य वाढतं, आणि त्याच कारणाने एखादा कोपरा आधी खचून सावध करण्याची सोय जाते. सगळे ठोकळे एकाच वेळी म्हातारे होतात. म्हणून जो झीज लपवतो त्याच्यावर ती मोजून दाखवायची जबाबदारीही येते. हे मोजमाप अवघड मुळीच नाही. कुठला ठोकळा कितीदा पुसला याचा आकडा ठेवल्याशिवाय नियंत्रकाला झीज वाटताच येणार नाही. आकडा आतमध्ये आहेच. संगणकाच्या एसएसडीत तो छोट्या फुकट प्रोग्रामने बघताही येतो. पण बहुतेक फोनांत, टीव्हीत, कॅमेऱ्यात, बिलाच्या यंत्रांत तो मालकाच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही.

हे न दाखवण्याची किंमत मोठ्यांनीही मोजली आहे. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांमध्ये पडद्यामागच्या संगणकाला 8 जीबीची साठवण होती, तीन हजार पुसण्यांची. गाडी सतत नोंदी लिहीत राहायची. पाच-सहा वर्षांत ती साठवण संपली, की पडदा काळा, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याची सोयही बंद. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने मागे लागून 2021 च्या सुरुवातीला सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवायला लावल्या. झीज वाटण्यात तिथे चूक नव्हती. एवढ्याशा जागेवर एवढं लिहायचं ठरवलं, आणि ती कधी संपणार हे मालकाला सांगितलं नाही.

दुसरं उदाहरण झिजेचं नाही, पण एकाच वयाच्या ड्राइव्हचं आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की काही एसएसडी आतल्या प्रोग्राममधल्या दोषामुळे बरोबर 32,768 तास चालून बंद पडतील आणि माहिती परत मिळणार नाही. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जाणार होते. आपल्याकडे पतसंस्था, पंचायती, शाळा हौसेने दोन सारखे ड्राइव्ह एकाच दिवशी घेतात, एकावरचं दुसऱ्यावर उमटत राहतं आणि सगळे निर्धास्त असतात. दोघांवर सारखंच लिहिलं जातं, दोघांची झीजही सारखीच. जुळ्या भावांना एकमेकांची म्हातारपणची काठी समजू नका. दुसरा ड्राइव्ह वेगळ्या बनावटीचा किंवा निदान वर्षभराने घेतलेला असावा.

साध्या वापरणाऱ्याला घाबरवायचं नाही. 1 टीबीच्या सर्वसाधारण एसएसडीवर 600 टीबी लिहिण्याची हमी असते. घरच्या लॅपटॉपवर दिवसाला 30 जीबी लिहिलं तरी ती संपायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. धोका आहे तो सतत लिहिणाऱ्या छोट्या यंत्रांत, आणि कपाटात ठेवलेल्या एसएसडीत. झिजलेली पेशी वीज नसताना कण फार दिवस धरत नाही. उद्योगाचं मानकच सांगतं की आयुष्य संपत आलेल्या घरगुती ड्राइव्हने विजेविना, 30 अंश तापमानात, एक वर्ष माहिती टिकवावी. आमच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत 30 अंश म्हणजे गारवा! याउलट कागद बघा : 1595 साली सुरू झालेल्या गोव्याच्या पुराभिलेखात शतकांपूर्वीचे पोर्तुगीज आणि मोडी कागद आजही वाचता येतात. जमिनीचे कागद आणि घरातले फोटो जुन्या एसएसडीवर घालून पेटीत ठेवू नका. त्यासाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि आणखी एक प्रत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. त्या चर्चेत बॅटरी आणि पडदा भरपूर येतात. साठवणही तशीच झिजणारी आणि बदलावी लागणारी वस्तू आहे, तिलाही तिथे मानाची जागा हवी. आणि गोवा सरकारने वाट बघत बसायचं कारण नाही. चौकातले कॅमेरे, बसमधली तिकीटयंत्रं, शाळांतले संगणक सरकारच विकत घेतं. निविदेत दोन ओळी घाला : किती लिहिणं सोसेल तो आकडा द्या, आणि किती झीज झाली ते दाखवा. तुये इथे, आमच्याच तालुक्यात, इलेक्ट्रॉनिक सिटी उभी करायची आहे. तिथे जे बनेल त्याच्या डब्यावर हा आकडा छापून यावा, एवढी मागणी पेडणेकरांनी आत्ताच करून ठेवावी. कारखाने आल्यावर ती ऐकायला कुणाला सवड नसेल.

बागायतीतल्या कॅमेऱ्यात आता सतत चित्रणासाठीच बनवलेलं 128 जीबीचं कार्ड आहे. जागा चौपट, म्हणजे तेवढ्याच चित्रणाला एकेका पेशीवरची पाळी चौपट उशिरा येते. कार्ड लावल्याची तारीख मी डब्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली आहे. तुमच्याकडे असा कॅमेरा असेल तर आज संध्याकाळी एकदा कालचं चित्रण उघडून बघा. हिरव्या दिव्यावर विसंबू नका.