मानसशास्त्रज्ञाची सनद

औषधाचे लहानसे दुकान काढावयाचे झाले तरी तेथे नोंदणी झालेला औषधविक्रेता असावा लागतो आणि परवाना दर्शनी भागी लावावा लागतो. वकिलास सनद लागते, डॉक्टरास नोंदणी लागते. आम्हां शिक्षकांच्या पात्रतेचेही नियम ठरलेले आहेत. परंतु आपल्या मुलाची बुद्धी मोजणाऱ्या, त्याच्या मनातील भय ऐकून घेणाऱ्या आणि त्याच्याविषयी लेखी अभिप्राय देणाऱ्या व्यक्तीजवळ कोणती सनद आहे, हे विचारण्याची प्रथा मात्र आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. ती पडावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो त्या कुकटपल्लीत तंत्रविद्यापीठापासून हौसिंग बोर्डाच्या वसाहतीपर्यंत फेरफटका मारला, तर इंटरमीडिएटच्या व प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांच्या पाट्या मोजता मोजता माणूस थकून जातो. जेथे परीक्षांचा एवढा बाजार भरतो, तेथे परीक्षांनी खचलेल्या मुलांना आधार देऊ म्हणणारेही येणारच, आणि ते यावेत. तथापि आधार देणारे सगळेच सारखे नसतात. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि पुढचा व्यवसाय सांगणारी एक चाचणी आज अनेक शहरांत पैसे घेऊन विकली जाते. तिला शास्त्राचा आधार नाही. तरीही तिचा रंगीत अहवाल घरी आणून, मुलगी गणितास अयोग्य आहे असे मानणारे सुशिक्षित पालक आढळतात. हस्तसामुद्रिकाने संगणकाचा वेष घेतला, एवढाच काय तो फरक.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा केला. ज्यांना आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, त्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नावे या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागतात. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा मूळ कायद्यात सांगितली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या तज्ज्ञाची व्याख्याही निश्चित केली. हैदराबादकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आपल्या सिकंदराबादेतच, मनोविकासनगरात, उभी आहे.

परंतु शाळेत बसणारे समुपदेशक, करिअरविषयी सल्ला देणारे, परीक्षेच्या भीतीवर बोलणारे, ही मंडळी बहुधा या नोंदवहीबाहेरची. त्यांच्यासाठी २०२१ साली सहयोगी आरोग्यव्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ हा शब्द आला, समुपदेशक आले, समाजकार्यकर्तेही आले. शालेय मानसशास्त्रज्ञ असा स्वतंत्र उल्लेख मात्र त्यात नाही. शिवाय कायदा झाला तरी राज्याराज्यांतून परिषदा उभ्या राहिनात. अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयास, दोन महिन्यांत अंमलबजावणी करा, असे केंद्रास व राज्यांस बजवावे लागले.

पुढल्याच वर्षी याच न्यायालयाने आणखी एक आदेश दिला, आणि त्याचा संबंध थेट शाळेशी आहे. विशाखापट्टणम येथे प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असलेल्या १७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की, १०० अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत बाल व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला निदान एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. २०१९ च्या एप्रिलात तेलंगणातील इंटरमीडिएटच्या निकालात झालेला गोंधळ आणि त्या दिवसांत मुले गमावलेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना या आदेशाची निकड सांगावयास नको.

पण ‘पात्र’ म्हणजे कोण? शब्द न्यायालयाने दिला. त्याचा अर्थ नोंदवहीने द्यावयाचा आहे. ती नोंदवही शाळेच्या दारापर्यंत पोहोचली नाही, तर हजारो शाळांना एकदम हजारो माणसे हवी होतील, आणि आठवड्याच्या वर्गाचे प्रशस्तिपत्र भिंतीवर टांगून कोणीही त्या खुर्चीवर बसेल. आदेशाचे पालन कागदावर पूर्ण होईल. मुलाच्या पदरी काय पडेल, हा प्रश्न तसाच राहील.

हा प्रश्न आम्हांस तातडीचा का वाटतो, ते सांगतो. आम्ही स्वतः कोंकणी बोलणाऱ्या घरात वाढलो आणि मराठी शाळेत शिकलो. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली म्हणजे मूल किती वेळ गप्प बसते, हे आम्हांस ठाऊक आहे. कुकटपल्लीतील मराठी मुलाच्या वाट्याला तर घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू, मैदानावर हिंदी आणि फलकावर इंग्रजी येते. असे मूल परक्या भाषेतील चाचणीपुढे बसविले तर ते अडखळणार. ते अडखळणे भाषेचे की बुद्धीचे, हे ओळखणे शिकलेल्या माणसाचेच काम होय. न शिकलेला माणूस आकडा मांडतो, आकड्याखाली ‘मंद’ असा शब्द लिहितो आणि मोकळा होतो. मूल मात्र तो शब्द वर्षानुवर्षे वाहत राहते.

याची जाण आपल्याकडे नवी नाही. बिने यांची फ्रान्समधील बुद्धिमापन-कसोटी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावता येणार नाही, हे ओळखून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली निघाला आणि त्यांच्या नावाची कसोटी पुढेही दीर्घकाळ वापरात राहिली. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली, तेव्हा मानसशास्त्र हा त्या प्रयोगाचा एक पाया होता. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या बुद्धिमान मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ साली आरंभ केला. त्या सवलती तपासणीच्या प्रमाणपत्रावर मिळतात. म्हणजे तज्ज्ञाच्या एका सहीने मुलाला न्याय मिळू शकतो आणि चुकीच्या सहीने तो नाकारलाही जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट गुपिताची. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. पण शाळेतल्या समुपदेशकाला विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चघळली जाणार नाही, याची हमी कोणी द्यावी? उलट बाजूही आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे; तेथे गुपित राखणे हाच अपराध ठरतो. कोणती गोष्ट पोटात ठेवावी आणि कोणती तत्काळ सांगावी, हा विवेक केवळ चांगुलपणाने येत नाही. तो शिकावा लागतो, आणि तो मोडल्यास जाब विचारणारे कोणी असावे लागते.

यावर काही वडीलधारी माणसे म्हणतात, “आजीने जवळ घेतले, गुरुजींनी पाठीवर हात ठेवला, की आमची मने हलकी होत. त्यासाठी सरकारी शिक्का कशाला?” हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. जवळ घेण्याला परवाना लागू नये, आणि लागणारही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, चाचणी घेणे, निदान लिहिणे, उपचार करणे आणि ‘मानसशास्त्रज्ञ’ हे नाव लावून पैसे घेणे, यांसाठी सनद असावी. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सनद आली की तज्ज्ञ थोडे होतील, त्यांचे शुल्क वाढेल आणि गरिबाच्या मुलाला तेही मिळणार नाहीत. २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरशिक्षण बंद केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या अनेकांची वाट खरोखरच अडली. म्हणून नियमाबरोबर शिक्षणाच्या जागाही वाढल्या पाहिजेत, आणि आज शाळांतून प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना पूरक प्रशिक्षण घेऊन नोंदणी करण्यास पुरेसा अवधी मिळाला पाहिजे.

इतर देशांनाही हे एका दिवसात साधले नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९४५ साली मानसशास्त्रज्ञांविषयी पहिला कायदा केला. लंडनमध्ये शाळांसाठी मानसशास्त्रज्ञाची नेमणूक १९१३ सालीच झाली. परंतु ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. आणि १९१३ साली नेमलेले ते सिरिल बर्ट केवढे विद्वान! तरी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या जुळ्या मुलांविषयीच्या आकडेवारीवर गंभीर संशय घेण्यात आला. कीर्ती ही पडताळणीची जागा घेऊ शकत नाही, हाच त्यातला धडा.

आमच्या अपेक्षा चारच आहेत. नोंदवहीत शालेय मानसशास्त्रज्ञांचा स्वतंत्र वर्ग असावा. सनदेपूर्वी त्यांनी अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शाळेत काम केलेले असावे. कोणत्या भाषांत आपण चाचणी घेऊ शकतो, हे त्यांच्या नावापुढे लिहिलेले असावे. आणि पालकांना नोंदवही पाहता यावी, तक्रारही करता यावी.

हे होईपर्यंत पालकांनी स्वस्थ बसू नये. तज्ज्ञाकडे जाताना तीन प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावेत: आपली नोंदणी कोठे आहे? चाचणी कोणत्या भाषेत घेणार? अहवाल कोणाच्या हाती जाणार? ज्याला आपल्या विद्येचा भरवसा आहे, तो या प्रश्नांनी रागावणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. पाय मुरगळला तर तुम्ही लपवीत नाही. मन मुरगळले तरी लपवू नका. आईवडिलांना सांगा, आवडत्या शिक्षकांना सांगा. कोणापाशीच बोलवत नसेल तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक २०२२ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. तुमचे ऐकून घेणारा माणूस जाणता व विश्वासू असावा, हा तुमचा हक्क आहे. तो कायद्याच्या वहीत नीट उतरेल हे पाहणे आम्हां मोठ्यांचे कर्तव्य आहे.