हेल्मेटला ठिगळ नको

आपल्या घरांतून जुनी वस्तू सहसा टाकली जात नाही. फाटक्या लुगड्यांची वाकळ होते, पितळेच्या भांड्याला पुन्हा कल्हई होते, सायकलच्या ट्यूबवर ठिगळामागून ठिगळ बसते. ही काटकसर मला मनापासून आवडते आणि ती टिकावी असेही वाटते. परंतु एका वस्तूपुरता हा नियम बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वस्तू म्हणजे सायकलस्वाराचे हेल्मेट.

याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. वरच्या चकचकीत कवचाखाली थर्माकोलच्या जातीचा घट्ट थर असतो. डोके आपटताच तो चिरडतो आणि डोक्याला थांबायला थोडे अंतर मिळते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. १.५ मीटर उंचीवरून पडलेले डोके २ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ७५ पट भरते. तेच २ मिलिमीटरमध्ये थांबले तर ७५० पट! पण एकदा दबलेला हा थर पुन्हा पूर्ववत होत नाही. वरून मात्र कित्येकदा साध्या ओरखड्यापलीकडे काही दिसत नाही. भेग चिकटवली तर हेल्मेट अखंड दिसेल, त्याची शक्ती परत येणार नाही.

तेव्हा दुरुस्ती कशाची करावी, हे ठरवले पाहिजे. बकल तुटले, पट्टा विरला, आतली गादी कुजली, तर त्याच हेल्मेटचे सुटे भाग मिळाल्यास खुशाल बदलावेत. जोराचा दणका बसला असेल, थराला भेग वा खळगा पडला असेल, तर नवेच घ्यावे. न आपटलेल्या हेल्मेटलाही वय असते. अमेरिकेतील स्नेल प्रतिष्ठान ते ५ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते.

‘कायद्याची कुठे सक्ती आहे?’ असे कोणी विचारील. खरे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलस्वारांसाठी नाही. पण बेळगावच्या पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर चाक घसरते, तेव्हा ते कलम पाहून घसरत नाही. पैशांची ओढ मीही जाणतो. म्हणून रंगरूपाचे पैसे न देता डोक्याला नीट बसणारे साधे हेल्मेट घ्यावे.

मला सर्वांत खटकते ती गोष्ट निराळीच आहे. थोरल्याची पुस्तके, सदरे आणि सायकल धाकट्याकडे जातात. त्यांबरोबर हेल्मेटही जाते. सदऱ्याचे ठिगळ धाकट्याला दिसते. हेल्मेट कधी आपटले होते, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तो विश्वासाने ते डोक्यावर चढवतो. म्हणून माझी मित्रांना विनंती आहे : निकामी हेल्मेट कोणाला देऊ नका, माळ्यावरही ठेवू नका. त्याचे पट्टे कापा आणि मगच ते टाकून द्या.